एका ठोक्याचे अंतर

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला आणि पहाटे नदीवर धुके दिसू लागले की आमच्याकडे होड्यांच्या शर्यतींचे दिवस येत. डोक्याला टोपी, गळ्यात दोरीने अडकवलेले स्टॉपवॉच आणि खिशात दोन शिसपेन्सिली अशा थाटात मी सकाळी घराबाहेर पडू लागलो की आमची सौभाग्यवती दारातून विचारी, "अहो, दिवसभर उन्हात बसून तुम्ही तिथं करता तरी काय?"

मी सांगे, "बटण दाबतो."

यावर ती जे म्हणे ते सगळे दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. आशय एवढाच, की पाण्याच्या पंपाचे बटण बंद करायची ज्या माणसाला तीनदा आठवण करावी लागते, त्याला लोक घरी येऊन आग्रहाने बटण दाबायला घेऊन जातात, ही पुण्यनगरीची थोरवीच म्हटली पाहिजे.

खरे म्हणजे मला वल्हवता येत नाही. पोहतासुद्धा बेताचेच येते. अकरावी-बारावीच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवणे हा माझा व्यवसाय होता. माझा एक स्नेही तरुणपणी नदीवर वल्ही मारीत असे. त्याच्या क्लबाला शर्यतीच्या दिवशी वेळ मोजणारी माणसे कमी पडत, आणि पदार्थविज्ञान शिकवणारा मनुष्य घड्याळ वाचू शकत असेल अशी त्याची भाबडी समजूत होती. त्या समजुतीपायी मी सत्तावीस वर्षे मुळा-मुठेच्या काठी एका लाकडी खुर्चीवर बसलो.

त्या खुर्चीवरून मला पहिली गोष्ट कळली ती ही, की अंतिम रेषा म्हणून जिला म्हणतात ती वस्तू जगात नसतेच. मैदानावर फक्कीने रेघ ओढता येते, पाण्यावर कशी ओढणार? म्हणून आपल्या काठावर एक तार ओळंब्यासारखी ताणायची, पलीकडच्या काठावर एक रंगवलेला खांब रोवायचा, आणि एक डोळा मिटून तार त्या खांबावर बरोबर बसेल असे डोके धरायचे. तार, खांब आणि माझे बुबुळ ही तिन्ही एका ओळीत आली की रेषा झाली. मी मान वीतभर उजवीकडे कलती केली की रेषाही सरकली, आणि अलीकडची होडी उगाचच पुढे किंवा मागे दिसू लागली. चार मुलांनी तीन-चार महिने पहाटे उठून केलेल्या मेहनतीचा निवाडा एका पंतोजीच्या मानेवर अवलंबून असतो, हे त्या मुलांना ठाऊक नसे, तेच बरे होते.

रेषेला होडी लागते ती नाळेच्या टोकाला बसवलेल्या पांढऱ्या रबरी चेंडूने. बाकी सारी होडी, तिच्यातली माणसे, त्यांचा घाम, त्यांचे ओरडणे, याला हिशेबात स्थान नाही. शिवाय होडी काही आगगाडीसारखी एका चालीने धावत नाही. वल्हे पाण्यात पडते तेव्हा ती किंचित अडते, आणि वल्ही वर काढून मुले सरकत्या बैठकांवरून पुढच्या फटक्यासाठी मागच्या टोकाकडे सरकतात तेव्हा ती त्यांच्या पायांखालून पुढे उसळी घेते. दोन तुल्यबळ होड्या शेजारी शेजारी येत असल्या आणि त्यांचे फटके एकाच वेळी पडत नसले, तर क्षणात ही पुढे, क्षणात ती पुढे असे चालते. अंतिम रेषा यातल्या एखाद्या उसळीवर पडते. तीन हात अलीकडे ती रेषा असती तर पदक दुसऱ्यांच्या गळ्यात असते, आणि सहा हात अलीकडे असती तर पुन्हा पहिल्यांच्या. मला आधी याचे फार वैषम्य वाटे. मग वाटेनासे झाले. रेषा कुठेतरी असावी लागते, आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना आधी माहीत असते.

आमच्या घड्याळांचेही सांगितले पाहिजे. ती किल्लीची घड्याळे सेकंदाचे पाच भाग दाखवीत. काटा सरकत नसे, उड्या मारी. एका सेकंदात पाच ठोके, पाच उड्या. शर्यत पाचशे मीटरांची असे. सुरुवात करणारा गृहस्थ तिकडे दूर उभा राही, आणि बंदुकीच्या बाराचा आवाज आमच्यापर्यंत यायला जवळजवळ दीड सेकंद लागे. म्हणून आम्ही कान बंद ठेवून डोळ्यांनी निशाणाकडे पाहायचे, निशाण खाली आले की बटण दाबायचे, आणि आवाज आल्यावर 'आपण चुकलो की काय' असे मुळीच मनात आणायचे नाही. नवशिक्याला हे जड जाते. माझ्या पहिल्या शर्यतीत मी आवाजावर घड्याळ सुरू केले होते आणि त्या दिवशी त्या होडीने जगातला कोणताही विक्रम सहज मोडला असता.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले ती सांगतो.

१९७८ सालचा हिवाळा. चौघांच्या होड्यांची शेवटची शर्यत होती. मानपानाचे फारसे काही नव्हते. दोन क्लब, दोन होड्या, पितळेची एक ढाल. एका होडीची वेळ माझ्याकडे, दुसरीची माझ्या शेजारच्या गृहस्थाकडे, आणि तारेपाशी क्रमांक ठरवणारे मुख्य पंच. हे पंच अत्यंत सचोटीचे मनुष्य होते, हे मी आधीच नमूद करून ठेवतो. पुढची गोष्ट एखाद्या लबाड माणसाची असती तर तिच्यात विचार करण्यासारखे काहीच उरले नसते.

होड्या आल्या त्या बरोबरीने. पंचांनी हात वर केला आणि सांगितले, "पलीकडची. हातभर." पलीकडची होडी शेजारच्या गृहस्थाची. त्याचे घड्याळ म्हणत होते १ मिनिट ३८.६ सेकंद. माझी होडी हरलेली. आणि माझे घड्याळ म्हणत होते १ मिनिट ३८.४.

म्हणजे जी होडी मागाहून आली, ती आधी पोचली होती.

पंचांनी दोन्ही आकडे पाहिले आणि हसून म्हणाले, "मास्तर, तुमच्या घड्याळाला घाई झालेली दिसते. सहा करून टाका. दोघांचेही सहा, आणि पुढे लिहू, हातभर अंतराने."

मी खिशातून खोडरबर काढला, चार पुसला आणि सहा लिहिला.

यात चूक काय होती? पंचांच्या बाजूने पुष्कळ बोलता येते, आणि मी पुढे कित्येक वर्षे स्वतःशी त्यांच्याच बाजूने बोलत आलो. होड्या सेकंदाला साधारण पाच मीटर वेगाने येत होत्या. माझ्या घड्याळाचा एक ठोका म्हणजे पाण्यावरचे एक मीटर. हातभर अंतर दाखवण्याची त्या घड्याळाची ताकदच नव्हती. तारेपाशी बसलेला सरावाचा डोळा ते अंतर सहज पाहतो. म्हणूनच तर क्रमांक डोळ्याने ठरवायचा आणि घड्याळाने फक्त वेळ नोंदवायची असा आमचा नियम होता. शिवाय माझे बोट काही देवाघरचे नव्हे. निशाण पडले तेव्हा मी एक ठोका उशिरा दाबले असेल, किंवा होडी येताना पाहून एक ठोका आधी दाबले असेल. चारपेक्षा सहा हाच आकडा सत्याच्या अधिक जवळ असण्याचा संभव होता. मग मी सत्याच्या जवळ गेलो, यात पाप ते कसले?

पण याच गोष्टीवरून मी वर्गात मुलांवर ओरडत असे. लंबकाचा प्रयोग ज्यांनी केला असेल त्यांना हे लगेच पटेल. लंबकाच्या वीस आंदोलनांना किती वेळ लागला हे मोजायचे, आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. पुस्तकात तो आकडा साधारण ९८० असतो. हुशार मुले काय करतात? ९८० पासून उलटे गणित करून आंदोलनांचा वेळ काढतात आणि तो 'निरीक्षण' म्हणून वहीत लिहितात. उत्तर तंतोतंत बरोबर. मी त्या वह्या फेकून देत असे. मी म्हणे, "अरे, तुझं उत्तर नऊशे चाळीस आलं तर नऊशे चाळीस लिही. उत्तर पृथ्वीला माहीत आहे, तिला तुझी मदत नको. तू काय पाहिलंस तेवढं मला सांग." हे भाषण मी दर वर्षी करीत असे, आणि ते बरे वठत असे, असे माझे मत होते.

आणि नदीकाठी मी ९८० लिहून आलो होतो.

तरीही गोष्ट तेवढ्यावर मिटली असती. निकाल बदलला नव्हता, ढाल योग्य जागी गेली होती. पण खुर्च्या आवरत असताना हरलेल्या होडीचा स्ट्रोकवर बसणारा मुलगा माझ्याकडे आला. अंगावरचे पाणी अजून निथळत होते. निकालाविषयी त्याची तक्रार नव्हती. त्याने विचारले, "सर, आमची वेळ किती आली?"

मी म्हणालो, "एक अडतीस, सहा."

"सहा?" तो जरा थांबला. "आम्हाला वाटलं होतं, आज साडेअडतीसच्या आत आलो."

मग त्याने सांगितले, की त्यांच्या होडीघराच्या फळ्यावर चौघांनी मिळून खडूने साडेअडतीस लिहून ठेवले होते आणि वर्षभर ते तिथपर्यंत पोचले नव्हते. चौघांपैकी एकाला नोकरी लागली होती, तो पुढच्या आठवड्यात गाव सोडून चालला होता. चौघांनी मिळून मारलेली ही शेवटची वल्ही. "ठीक आहे सर," असे म्हणून तो गेला.

तोवर मी एका आकड्यात फेरफार केला होता, आता मी एका मुलाशी खोटे बोललो होतो. आणि मला प्रथमच कळले, की ढाल आणि वेळ या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. ढाल दुसऱ्याशी तुलना करून मिळते, त्यासाठी दुसरा लागतो. वेळ ज्याची त्याची असते. हरलेल्यालाही ती मिळते, किंबहुना हरलेल्याला तेवढीच मिळते. जिंकणाऱ्यांचा निकाल सुसंगत दिसावा म्हणून मी हरणाऱ्यांची ती एवढीशी शिदोरी काढून घेतली होती.

यानंतर बऱ्याच वर्षांनी जुन्या ऑलिंपिक सामन्यांविषयी वाचत असताना १९६० सालच्या रोमच्या एका शर्यतीपाशी मी अडखळलो. ती होड्यांची नव्हे, पोहण्याची शर्यत होती, शंभर मीटरांची. ऑस्ट्रेलियाचा डेव्हिट आणि अमेरिकेचा लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीला लागले. डेव्हिटच्या रांगेवरच्या तिन्ही घड्याळांत ५५.२ सेकंद. लार्सनच्या रांगेवरच्या तीन घड्याळांत ५५.०, ५५.१ आणि ५५.१. घड्याळे एकमुखाने सांगत होती की लार्सन आधी आला. डोळ्यांनी पाहणारे पंच मात्र दुभंगले होते. पहिला कोण हे पाहणाऱ्या तिघांपैकी दोघे म्हणाले डेव्हिट, आणि दुसरा कोण हे पाहणाऱ्या तिघांपैकी दोघे म्हणाले, तोही डेव्हिटच! तीन विरुद्ध तीन. मुख्य पंचांनी कौल डेव्हिटला दिला. हे एक वेळ समजू शकते, कुणीतरी कौल द्यायलाच हवा होता. पण पुढे जे झाले ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. पहिल्यापेक्षा दुसऱ्याची वेळ कमी कशी दाखवायची, म्हणून लार्सनच्या नावापुढे ५५.२ लिहिण्यात आले. तीन घड्याळांपैकी एकानेही न दाखवलेला आकडा.

रोममध्येही कुणाच्या तरी खिशात खोडरबर होता, हे वाचून मला दिलासा वाटायला हवा होता. मोठ्या लोकांच्या पंगतीत आपली चूक बसली की ती आपल्याला जरा धाकटी वाटू लागते. पण झाले उलटे. आपले कृत्य दुसऱ्याच्या हातून घडलेले पाहिले की ते अधिक स्पष्ट दिसते. कौल देणे हे न्यायाचे काम आहे, त्यात चूक होऊ शकते आणि ती क्षम्यही आहे. साक्ष देणे हे निराळे काम. न्यायाधीशाने चार साक्षी ऐकून आपले मत बनवावे, साक्षीदाराने मात्र निकाल काय लागणार आहे याकडे पाठ करून आपण पाहिले तेवढेच सांगावे. साक्षीदार जर निकालाकडे पाहून साक्ष बदलू लागला, तर पुढे कधी निकाल तपासायची वेळ आली म्हणजे तपासायला हाती काहीच उरत नाही. लार्सनचे दुर्दैव असे, की त्याचा आकडा बदलला तरी मूळचे तीन आकडे लोकांना कळले, आणि तेच त्याचे सुदैवही. माझ्या मुलाचा मूळ आकडा खोडरबराच्या चुऱ्याबरोबर नदीत गेला.

कुणी म्हणेल, यंत्रे आली आणि हा प्रश्न संपला. संपला नाही, बारीक झाला. १९७२ साली म्युनिकला चारशे मीटरांच्या मिश्र पोहण्यात स्वीडनच्या लार्सननं (हा निराळा लार्सन) अमेरिकेच्या मॅक्कीला सेकंदाच्या दोन सहस्रांश भागाने हरवले. एवढ्या वेळात माणूस पाण्यात साधारण तीन मिलिमीटर पुढे जातो. तलावाच्या सगळ्या रांगा तीन मिलिमीटरांपर्यंत सारख्या लांबीच्या बांधील असा गवंडी कुठे आहे? पुढे पोहण्यात शतांशापर्यंतच मोजायचे आणि तिथवर सारखे आले तर दोघांनाही तोच क्रमांक द्यायचा असे ठरले. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. पण २०२४ साली केरळात, आलप्पुळच्या पुन्नमडा सरोवरातल्या नेहरू करंडकाच्या शर्यतीत, शंभर फुटांहून लांब अशा दोन सर्पनौकांत ४ मिनिटे २९.७८५ आणि ४ मिनिटे २९.७९० असा फरक निघाला, आणि त्यावर करंडक गेला. पाण्यावर दोन बोटांचे अंतर! हरलेल्यांनी हरकत घेतली, त्यात नवल नाही. यंत्राने सांगितलेला आकडा मी नाकारीत नाही. यंत्राजवळ खोडरबर नसतो, ही त्याची मोठीच लायकी आहे. फक्त मला दिसते ते असे, की आपल्याला कुठवर दिसते हे कुणीतरी आधी कबूल करावे लागते.

या बाबतीत माझे दैवत म्हणजे इंग्लंडातला एक म्हातारा नावाडी, जॉन फेल्प्स. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची थेम्सवरची होड्यांची शर्यत १८७७ साली त्याच्यासमोर संपली. अंतिम रेषेवर तेव्हा खांब नव्हते. होड्या इतक्या जवळजवळ आल्या की फेल्प्सने निर्णय दिला, बरोबरी. त्या शर्यतीच्या सबंध इतिहासातली ही एकच बरोबरी. मग काय विचारता! ऑक्सफर्डवाल्यांची खात्री होती की आपण जिंकलो. फेल्प्स दारू पिऊन झुडपाखाली झोपला होता अशी कंडी पिकली, त्याने 'बरोबरी, ऑक्सफर्ड चार फुटांनी पुढे' असे सांगितले अशी थट्टा झाली, आणि ती थट्टा आजतागायत चालू आहे. पुढे तिथे खांब रोवण्यात आले.

त्या दिवशी काय घडले ते मला कळण्याचा मार्ग नाही. पण खांबाशिवाय, त्या गर्दीत, सत्तरी उलटलेल्या माणसाने 'मला पुढे-मागे सांगता येत नाही' एवढेच सांगितले असेल, तर त्याच्याइतका प्रामाणिक मनुष्य त्या काठावर दुसरा नव्हता. लोकांना निकाल हवा असतो. 'दिसले नाही' असे म्हणणाऱ्याला ते आंधळा म्हणतात, नाहीतर दारुडा. माझ्या शेजारी पंच हसत उभे होते, थंड वारा सुटला होता, बायकामुले घरी वाट पाहत होती, आणि 'साहेब, माझ्या घड्याळात चारच आहेत, चारच राहतील. खाली तुम्ही तुमचा शेरा लिहा' एवढे एक वाक्य मला बोलवले नाही. कुणी धाक घातला नव्हता. मोह म्हणावा असा पैसाही नव्हता. चांगल्या माणसासमोर आडमुठेपणा करायचा संकोच, एवढेच कारण. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक खोट्या गोष्टी मी याच कारणाने बोललो आहे.

२००३ साली एका लग्नात, हातात ताट घेऊन उभ्याने जेवायच्या त्या गर्दीत, टक्कल पडलेल्या एका गृहस्थाने मला नमस्कार केला. "सर, तुम्ही नदीवर घड्याळ घेऊन बसायचात ना?" तोच मुलगा, स्ट्रोकवरचा. पंचवीस वर्षे झाली होती. मी इकडचे तिकडचे बोललो, आणि मग, मठ्ठ्याचा पेला हातात असताना, त्याला सगळे सांगून टाकले. चार, सहा आणि खोडरबर.

तो हसला. मग हसायचा थांबला.

"मग सर, खरं काय? चार का सहा?"

"खरं मला माहीत नाही," मी म्हणालो. "माझ्या घड्याळात चार होते."

"तुम्ही स्वतः पाहिलेत?"

"मी स्वतः पाहिले."

त्याने ताट शेजारच्या खुर्चीवर ठेवले आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, जिलबीच्या रांगेत उभ्या असलेल्या एका जाड्या गृहस्थाला टाचा उंचावून हाक मारली. "अरे ए! चार! आपले चार होते रे, चार!" आणि हाताची चार बोटे वर केली. त्या गोंगाटात त्या बिचाऱ्याला काय ऐकू गेले असेल देव जाणे. त्याने जिलबीच्या परातीकडे पाहिले, पोटावर हात फिरवला, आणि नको नको अशी मान हलवून दोन बोटे दाखवली.